अंतरिक्षातील हशा : विनोदी महानायकपट आणि त्याचा प्रेक्षक

चित्रपटाचा इतिहास बहुधा निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या बाजूने लिहिला जातो. कोणते चित्र कोणी काढले, त्यावर किती द्रव्य खर्ची पडले, कोणते तंत्र प्रथम कोठे वापरले गेले, याची नोंद दप्तरांतून मिळते. परंतु अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेल्या समुदायाने ते चित्र कसे स्वीकारले, तो कोठे हसला, कोठे स्तब्ध झाला, याची नोंद सहसा राहत नाही. त्यातही हशा हा सर्वांत नाशवंत पुरावा होय. तिकीटविक्रीचे आकडे उरतात, समीक्षा उरतात. हशा मात्र दिवे लागताच विरून जातो, आणि मागे राहते ती 'लोक हसले' एवढी मोघम वार्ता. लोक कशाला हसले, कोणाला हसले, आणि हसताना ते कथेच्या आत होते की बाहेर, हे त्या वार्तेवरून कळत नाही.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे जे विवेचन आहे ते या बाबतीत आजही उपयोगी पडते. प्रेक्षकांची प्रतिक्रिया हीच तेथे प्रयोगाच्या यशाची खूण मानली आहे. मानुषी सिद्धीत स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' यांसारखे उद्गार येतात. अंगावर रोमांच उभे राहणे, आसनावरून उठणे अशा शारीरिक खुणाही येतात. दैवी सिद्धीची खूण निराळी आहे. प्रेक्षागृह भरलेले असावे आणि तरीही तेथे शब्द नसावा, क्षोभ नसावा, ही ती खूण. हशा मानुषी सिद्धीत मोडतो, भरल्या प्रेक्षागृहातील निःशब्दता दैवी सिद्धीत. दोन्ही सिद्धी एकाच प्रयोगात, एकाच प्रेक्षकसमुदायाकडून आणि काही क्षणांच्या अंतराने मिळवू पाहणारा एक चित्रपटप्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकारास आला. अंतरिक्षात घडणारा, महानायकांचा, आणि तरीही विनोदी असा हा साहसपट होय. त्याच्या प्रेक्षकाचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रकाराची अडचण रसव्यवस्थेच्या भाषेत नेमकी सांगता येते. वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते, असे भरताने म्हटले आहे; म्हणजे अंतरिक्षातील पराक्रमाची कथा वीर आणि अद्भुत या सख्ख्या रसांवर उभी असते. हास्याची उत्पत्ती त्याने शृंगाराच्या अनुकृतीतून सांगितली, आणि अभिनवगुप्ताने तो नियम व्यापक करून कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य निर्माण होऊ शकते असे दाखविले. मग पराक्रमाच्या कथेत हशा पिकला, तर पराक्रम हा पराक्रमाचा आभास ठरत नाही काय? हसणारा प्रेक्षक नायकाच्या संकटावर विश्वास कसा ठेवील? हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. हशाने हा विश्वास मोडला म्हणून चित्रपट कोसळल्याची उदाहरणे आहेत, आणि हशामुळेच तो जडल्याचीही आहेत.

आरंभ फ्लॅश गॉर्डनपासून करणे योग्य होईल. अ‍ॅलेक्स रेमंड यांनी ७ जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांत ही चित्रमालिका सुरू केली. तिचा नायक येल विद्यापीठाचा पदवीधर आणि पोलोपटू असून तो मोंगो नावाच्या ग्रहावर जाऊन तेथील मिंग या क्रूर सम्राटाशी झुंजतो. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळाप्रमाणेच हा नायकही पुढे भारतीय वाचकांना भेटला, आणि तेथेही तो गंभीरपणेच भेटला. १९३६ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने त्याच्यावर तेरा भागांची चित्रपटमालिका काढली. तीत बस्टर क्रॅब नायक होते. ती मुख्यतः बालप्रेक्षकांसाठी होती. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मृत्यूच्या तोंडाशी सोडून दिलेला असे, आणि पुढल्या आठवड्याच्या तिकिटाची तजवीज त्याच क्षणी होत असे. अग्निबाणाच्या शेपटीतून निघणारा धूर वर वर जाताना दिसे, पाली मोठ्या करून राक्षस म्हणून दाखविल्या जात. पण त्या बालप्रेक्षकाच्या लेखी हे दोष नव्हते.

तीच मालिका १९५० नंतर दूरदर्शनाच्या पडद्यावर पुन्हा दाखविली गेली, तेव्हा प्रेक्षक बदललेला होता. चित्र तेच, धूर तोच. परंतु आता त्या धुराकडे पाहून घरातील मोठी माणसे हसू लागली. एकाच कृतीला वीस वर्षांच्या अंतराने दोन विरुद्ध प्रतिसाद मिळावेत, हे या इतिहासातील पहिले महत्त्वाचे स्थित्यंतर होय. या हशाला पुढे सिद्धान्ताचे पाठबळही मिळाले. सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये 'कॅम्प' या अभिरुचीवर प्रसिद्ध निबंध लिहिला. गांभीर्याने केलेल्या परंतु फसलेल्या अतिशयोक्तीत रस घेण्याची ही वृत्ती असून तिच्यात उपहास आणि प्रेम यांचे मिश्रण असते. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, बॅटमन ही दूरदर्शनमालिका आली आणि तिने ही अभिरुची घरोघर पोचविली. नायक अत्यंत गंभीर चेहऱ्याने अत्यंत पोरकट वाक्ये बोलतो. मुले ते खरे मानून पाहतात, वडीलधारी माणसे हसत पाहतात. एकाच खोलीत दोन प्रेक्षक बसलेले असत, आणि दोघांनाही आपण योग्य तेच पाहत आहोत याची खात्री असे. या मालिकेला वळण देणारे प्रमुख लेखक लोरेन्झो सेंपल हेच पुढे १९८० च्या 'फ्लॅश गॉर्डन' या चित्रपटाचे पटकथाकार झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मध्यंतरी एक घटना घडली होती. जॉर्ज लूकस यांना फ्लॅश गॉर्डनवरच चित्रपट काढावयाचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःची कथा रचली आणि १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. त्यात विनोद होता, परंतु तो पात्रांच्या तोंडी होता; अंतरिक्ष, साम्राज्य आणि संकट यांची थट्टा तेथे नव्हती. त्यामुळे १९८० च्या डिसेंबरात डिनो दी लॉरेंटिस यांचा 'फ्लॅश गॉर्डन' आला तेव्हा प्रेक्षकाची सवय बदललेली होती, आणि मूळ कथाच तिच्या नकलेची नक्कल भासू लागली होती.

माइक हॉजेस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे स्वागत अभ्यासण्यासारखे आहे, कारण त्यात हशाचे सर्व प्रकार एकत्र सापडतात. नायक आता पोलोपटू न राहता अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू झाला असून छातीवर स्वतःचे नाव लिहिलेला सदरा घालतो. मिंगच्या दरबारात तो रक्षकांशी झुंजतो तेव्हा एक धातूचा गोळा फुटबॉलसारखा हाती धरून त्यांच्या रांगा फोडतो, आणि नायिका बाजूला उभी राहून सामन्यातल्यासारखा जयघोष करते. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि विकृत अलंकार सांगितले आहेत. येथे सोनेरी व लाल वस्त्रांचा जो भपका आहे तो पाहता दुसऱ्या विभावाची गरजच उरत नाही. पण त्याच वेळी मिंगची भूमिका करणारे माक्स फॉन सिडो एका क्षणासाठीही थट्टेचा सूर लावत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये नायक सापडतो. सॅम जोन्स यांचे बरेचसे संवाद दुसऱ्या नटाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले आहेत. म्हणजे प्रेक्षक ज्याच्यावर विश्वास ठेवणार तो देह एकाचा आणि वाणी दुसऱ्याची. भाषेच्या अभ्यासकाला हा तपशील किरकोळ वाटणार नाही. बोलणाऱ्याचा स्वर त्याच्या मुद्रेशी जुळत नाही तेव्हा ऐकणारा त्याला खोटा ठरवितो, किंवा हसतो.

अमेरिकेत हे चित्र साधारण दोन कोटी सत्तर लक्ष डॉलरांवर थांबले, आणि निर्मितीचा मोठा खर्च पाहता ते यश म्हणता येत नाही. जोन्स यांचे नाव वर्षातील वाईट अभिनयाच्या उपहासात्मक पारितोषिकासाठी सुचविले गेले. ब्रिटनमध्ये मात्र त्याच चित्राने उत्तम धंदा केला आणि ते लोकांच्या बोलण्यात कायमचे जाऊन बसले. पंखधारी व्हल्टनचे काम करणारे ब्रायन ब्लेस्ड यांना पुढील कित्येक दशके रस्त्यात भेटणारा माणूस त्यांच्या एका आरोळीची फर्माईश करीत आला. या फरकाचे कारण बहुधा ब्रिटिश प्रेक्षकाच्या सवयीत शोधावे लागेल. नाताळच्या सुमारास तेथे जी पँटोमाइम नाटके होतात त्यांत खलनायकाला प्रेक्षकांनी ओरडून हिणवावे आणि नायकाला सावध करावे अशी जुनी रीत आहे. भपकेबाज वेष, अतिशयोक्त अभिनय आणि खरीखुरी उत्कंठा तेथे एकत्र नांदतात. चित्रपट त्याच मोसमात प्रदर्शित झाला होता. हसणे आणि गुंतणे परस्परविरोधी आहेत असे त्या प्रेक्षकाला कोणी शिकविलेच नव्हते. अमेरिकी प्रेक्षकाने 'स्टार वॉर्स' च्या अपेक्षेने पाहिले आणि त्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. सेंपल यांनी पुढे असे सांगितले की, चित्र विनोदी करण्याची मूळ कल्पना दी लॉरेंटिस यांची होती, आणि मागे वळून पाहता ती फार मोठी चूक होती. लेखकाच्या या कबुलीला अर्थात पूर्ण मान देण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील प्रेक्षकाने तिचे खंडन आधीच केले होते.

यानंतरचा टप्पा अपयशाचा, आणि त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 'हॉवर्ड द डक' हे मार्व्हल प्रकाशनाच्या पात्रावरील चित्र १ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाले. दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक बोलका, चिरूट ओढणारा बदक हा त्याचा नायक. लूकस त्याच्या निर्मितीशी संबंधित होते. छापील पानावर हा बदक समाजाची टर उडवीत असे. पडद्यावर पिसांच्या पोशाखातील मनुष्य दिसला, आणि प्रेक्षकाला बदकाच्या विनोदाऐवजी बदकाचेच हसू आले, किंवा तेही आले नाही. अमेरिकेत त्याची कमाई खर्चाच्या निम्म्यावरही गेली नाही. त्यानंतर बराच काळ 'बोलका प्राणी, अंतरिक्ष आणि महानायक' हे समीकरण धंद्यात धोक्याचे मानले गेले, यात नवल नाही.

'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' अमेरिकेत प्रदर्शित झाला तो दिवसही १ ऑगस्टच होता, साल २०१४. जेम्स गन दिग्दर्शक. पटकथा गन आणि निकोल पर्लमन यांची. या नावाचे पथक मार्व्हलच्या अंकांत १९६९ मध्येच आले होते, पण चित्रपटातील पथक २००८ च्या नव्या मालिकेवरून घेतलेले आहे. सामान्य प्रेक्षकाला त्यातील एकही नाव ठाऊक नव्हते. एक भुरटा चोर, एक मारेकरी युवती, सूडाने पेटलेला एक धिप्पाड कैदी, एक बोलके रॅकून आणि एक चालते झाड, असा हा संच. धंद्यातील जाणकारांनी शंका व्यक्त केल्या त्या निराधार म्हणता येत नाहीत. प्रत्यक्षात पहिल्या तीन दिवसांत अमेरिका व कॅनडात सुमारे ९.४ कोटी डॉलर जमा झाले. ऑगस्ट महिन्यातील आधीचा उच्चांक २००७ मधील 'द बोर्न अल्टिमेटम' चा, ६.९ कोटींचा होता. जगभरची एकूण कमाई ७७ कोटी डॉलरांच्या घरात गेली. पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना बाहेर पडताना श्रेणी विचारणाऱ्या सिनेमास्कोअर या संस्थेच्या पाहणीत त्याला 'ए' श्रेणी मिळाली.

हे आकडे प्रतिसादाचे माप सांगतात, स्वरूप सांगत नाहीत. शिवाय पहिल्या रात्री येणारा प्रेक्षक हा मुळातच अनुकूल असतो, हेही विसरता कामा नये. स्वरूपाकडे जाण्याचा मार्ग चित्रपटाच्या रचनेतूनच शोधावा लागतो, कारण हशा कोठे पिकावा आणि कोठे थांबावा याची योजना तेथे असते.

चित्रपटाचा आरंभ १९८८ मध्ये मिसुरी राज्यातील एका रुग्णालयात होतो. आई मरणशय्येवर आहे. ती मुलाला हात धरावयास सांगते. भेदरलेला मुलगा मान फिरवितो, आणि ती जाते. प्रेक्षागृहात या वेळी शांतता असते. मग सव्वीस वर्षांनंतरचा एक ओसाड ग्रह, आणि त्या भग्न प्रदेशातून तोच मुलगा, आता पुरुष झालेला, कानांना जुने यंत्र लावून नाचत चालला आहे; उंदरासारखा एक प्राणी ध्वनिक्षेपकासारखा हाती धरून तो गातो. शीर्षकाची अक्षरे याच नाचावर उमटतात. प्रेक्षक हसतो; पण ज्या ध्वनिफितीवर तो नाचतो ती मेलेल्या आईने करून दिलेली आहे हे त्याला माहीत असते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकाला एक करार समजावून दिला जातो. हसण्यास मुभा आहे, परंतु हशाखाली काय आहे हे विसरावयाचे नाही. 'फ्लॅश गॉर्डन' च्या प्रेक्षकाला हा करार कोणी दाखविला नव्हता. त्याला तो स्वतःच तयार करावा लागला, आणि तो केवळ ब्रिटनमध्ये झाला. त्या जुन्या गाण्यांचा संच त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या यादीत पहिल्या स्थानी गेला. केवळ पूर्वप्रकाशित गाण्यांचा चित्रपटसंच त्या स्थानी जाण्याची ही पहिलीच वेळ होती. प्रेक्षक चित्रपटातून काहीतरी घरी नेऊ इच्छीत होते, आणि जे त्यांनी नेले ते मृत आईचे गाणे होते, हे अनेकांच्या लक्षातही आले नसेल.

या चित्रपटातील बराचसा हशा भाषेतून निर्माण होतो. ड्रॅक्स या पात्राच्या जमातीला लक्षणा ठाऊक नाही. ती केवळ वाच्यार्थ जाणते. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यावरून जाईल असे म्हटले, तर आपण चपळ असल्याने ती झेलू, असे तो उत्तर देतो. मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध आवश्यक मानला आहे. ड्रॅक्सच्या मनात हा बाधच होत नाही. प्रेक्षक हसतो कारण त्याला तो क्षणार्धात होतो. परंतु चित्रपटाने या विनोदाचा उपयोग एकदा उलटाही केला आहे. उपचार म्हणून बोलणे ड्रॅक्सला शक्य नाही. म्हणून तो या सोबत्यांना आपले मित्र म्हणतो तेव्हा ते शब्दशः खरे असते. त्याच दमात तो एकीला अपशब्दही वापरतो आणि प्रेक्षागृह हसते. तेही त्याच्या दृष्टीने वर्णनच असते.

अशा भाषिक विनोदाचे अनुवादात काय होते, याचे उदाहरण त्याच वर्षी चीनमध्ये मिळाले. तेथे ऑक्टोबरमध्ये चित्र प्रदर्शित झाल्यावर चिनी उपशीर्षकांच्या भाषांतराविरुद्ध प्रेक्षकांनी मोठी तक्रार केली. श्लेष आणि थट्टा हरवल्या, असे इंग्रजी जाणणाऱ्यांनी उदाहरणे देऊन दाखविले. चित्रपटाच्या विनोदावर हक्क सांगणारा प्रेक्षक हा प्रेक्षकेतिहासातील एक नवा प्रकार होय.

आता रॉकेट या रॅकूनकडे वळावे लागते, कारण हॉवर्डच्या बदकाला जे साधले नाही ते याला कसे साधले, हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. पहिल्या तासभरात प्रेक्षक त्याला हसतोच. शस्त्र घेतलेला, शिव्या देणारा एवढासा प्राणी हा विकृत वेषाचाच एक प्रकार आहे. मग नोव्हेअर नावाच्या वस्तीतील मद्यगृहात तो नशेत सोबत्यांवर बंदूक रोखतो. त्याला कोणीतरी हीन प्राण्याच्या नावाने हिणविले आहे. आपल्याला चिरून, पुन्हा पुन्हा जोडून हे रूप दिले गेले आणि आपण ते मागितले नव्हते, असे तो ओरडतो. गोळ्या खाऊन हे लोक हसतात का ते पाहू, असेही म्हणतो. त्याच्या पाठीवरील धातूचे तुकडे प्रेक्षकाने आधी पाहिलेले असतात. तासभर ज्याला हसलो त्यानेच हसणाऱ्यांची विचारणा करावी, असा हा प्रसंग आहे. त्याचे बोट सोबत्यांकडे आहे, पण ते पडद्याबाहेर पोचते. हॉवर्डला हसणाऱ्या प्रेक्षकाला असे कोणी विचारले नव्हते. येथे उपहास सहवासात बदलतो. आणि ज्या माणसाला आयुष्यात कधी त्याच्या रूपावरून, बोलीवरून किंवा जातीवरून हसले गेले आहे, त्याला हा बदल इतरांपेक्षा लवकर उमगला असणार.

शेवटच्या प्रसंगात हा विचार आणखी उघड होतो. खलनायक रोनन विजयाच्या क्षणी भाषण करीत असता नायक त्याच्यासमोर गाऊ आणि नाचू लागतो. रोनन गोंधळतो आणि हे काय चालले आहे असे विचारतो. पडद्यावरील सर्वांत गंभीर व्यक्ती ही विनोद न कळणारा एकमेव प्रेक्षक ठरते, आणि प्रेक्षागृहातील सर्वजण दुसऱ्या बाजूला जातात. १९८० मध्ये मिंगचे गांभीर्य आणि नायकाचा पोरकटपणा यांमध्ये प्रेक्षक दुभंगला होता. येथे त्याच विरोधाने तो एकत्र आणला.

ग्रूटविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. १९६० मध्ये हे पात्र प्रथम छापले गेले तेव्हा तो पृथ्वीवर आक्रमण करणारा राक्षस होता आणि लांबलचक, आढ्यताखोर वाक्ये बोलत असे. चित्रपटात त्याची भाषा तीन शब्दांवर आली : मी ग्रूट आहे. व्हिन डिझेल यांनी ते वाक्य इंग्रजीखेरीज इतरही अनेक भाषांत स्वतःच्या आवाजात म्हटले. एकच वाक्य आणि अर्थ मात्र दर वेळी निराळा. अर्थ काकूवर अवलंबून, आणि तो रॉकेटच्या उत्तरावरून प्रेक्षकाने ताडावयाचा. हशा पिकतो तो या ताडण्यातून. अखेरीस कोसळणाऱ्या यानात तो आपल्या फांद्यांचे घरटे करून सोबत्यांना त्यात घेतो. रॉकेट विनवितो, तू मरशील, हे का करतोस. ग्रूट उत्तर देतो, आणि प्रथमच सर्वनाम एकवचनाऐवजी अनेकवचनी येते. तासाभरापूर्वी ज्या वाक्यरचनेवर प्रेक्षागृह हसत होते तिच्यातील एका सर्वनामाने ते निःशब्द होते.

इंग्रजीत हे सर्वनाम संदिग्ध आहे. त्यात ऐकणारा धरलेला असू शकतो किंवा नसूही शकतो. मराठीत ही संदिग्धता टिकविता येत नाही. 'आम्ही' म्हटले तर रॉकेट बाहेर राहतो, 'आपण' म्हटले तर आत येतो. आधीच्या शंभर मिनिटांत जे घडले ते ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे त्याला येथे 'आम्ही' लिहिणे अशक्य व्हावे. द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून मराठीत आलेला मानला जाणारा हा भेद अमेरिकी चित्रपटाच्या एका वाक्याचा अर्थ मूळ भाषेपेक्षा नेमका करतो, हे विषयांतर असले तरी नोंदविण्याजोगे आहे.

नामावली संपल्यावर एक छोटा प्रसंग येतो : एका उद्ध्वस्त संग्रहालयात हॉवर्ड बदक पेयाचा पेला घेऊन बसला आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे अपयश ठाऊक असणाऱ्यांसाठीच तो विनोद होता.

या यशाने पुढील काळात विनोदाचे प्रमाण वाढले, आणि त्याबरोबर प्रेक्षकांतील मतभेदही. २०१७ मधील 'थॉर : रॅग्नारॉक' च्या टायका वायटीटी यांनी १९८० च्या 'फ्लॅश गॉर्डन' चे ऋण उघडपणे मान्य केले, आणि त्या चित्राचे जगभरचे उत्पन्न ८५ कोटी डॉलरांपर्यंत गेले. श्रेणी पुन्हा 'ए'. परंतु तक्रारही ऐकू आली. नायकाची जन्मभूमी डोळ्यांदेखत नष्ट होत असता कॉर्ग हे दगडी पात्र पाया मजबूत असल्याचा दिलासा देते आणि पुढच्याच क्षणी तो पाया उडतो. कित्येकांना येथे शोक हिरावून घेतल्यासारखे वाटले. तक्रार विनोदाविरुद्ध नव्हती, त्याच्या जागेविरुद्ध होती. आणि ती रास्त होती असे म्हणावे लागते, कारण मातृभूमी गमावलेल्यांना रडण्यास अर्धा क्षणही दिलेला नाही. त्याच दिग्दर्शकाच्या २०२२ मधील 'थॉर : लव्ह अँड थंडर' मध्ये नायिकेला कर्करोग झालेला आहे आणि तिच्या भोवती विनोद थांबतच नाही. या वेळी सिनेमास्कोअरची श्रेणी 'बी प्लस' वर उतरली, आणि दुसऱ्या आठवड्याची घसरण मोठी होती. विनोद कमी दर्जाचा होता असे नाही. पण रॉकेटच्या मद्यगृहासारखा, हसणाऱ्याला अडविणारा प्रसंग तेथे नाही.

गन यांच्या तिसऱ्या आणि अखेरच्या 'गार्डियन्स' चित्रपटात, २०२३ मध्ये, रॉकेटला चिरणाऱ्या प्रयोगशाळेची कथाच केंद्रस्थानी आली; म्हणजे २०१४ मध्ये मद्यगृहात ओरडून सांगितलेले दुःख आता प्रेक्षकाला प्रत्यक्ष पाहावे लागले. चित्रपटाच्या शेवटी सोबती एकमेकांचा निरोप घेतात आणि ग्रूट एक सरळ वाक्य बोलतो : तुमच्यावर प्रेम आहे. प्रेक्षागृहांतून बाहेर पडलेल्या अनेकांनी प्रश्न केला की, ग्रूट इंग्रजी केव्हा शिकला? गन यांनी खुलासा केला की तो काहीही शिकलेला नाही. तो नेहमीचेच तीन शब्द बोलला, आणि एवढ्या काळाच्या सोबतीनंतर ते प्रेक्षकाला समजले.